दोन हाती रांजण

सत्त्याऐंशी साली फेब्रुवारीतच आमच्या जाफराबादकडच्या गावाला टँकर लागला. टँकरवाला दारोदार पाइप फिरवून ज्याचा त्याचा रांजण भरून द्यायचा. भांडणं नकोत म्हणून सरपंच रामरावांनी घरोघर जाऊन रांजणांची पोटं हातानं मोजली. एक हात रुंद रांजण रोज भरायचा, दोन हात रुंद एक दिवसाआड.

"दुप्पट रांजण, निम्म्या खेपा. जमला ना हिशोब, मास्तर?" त्यांनी मला विचारलं. दहावीला गणित शिकवणारा गावात मी एकटाच.

"जमला," मी म्हणालो.

जमला नव्हता. गोल भांडं दुप्पट रुंद झालं की त्यात आठपट पाणी मावतं. दिवसाआड भरलं तरी चौपट पदरात पडतं. पण दोन हाती रांजण गावात चारच, आणि त्यातला एक माझ्या दारात. मी मूग गिळून बसलो.

पंधरा दिवसांनी वर्गात गोलाचं घनफळ निघालं. त्रिज्या दुप्पट केली तर घनफळ किती पट? कचरूची बेबीनंदा फळ्यापाशी आली. तिच्या घरी सात माणसं आणि एक हाती रांजण. दोनाचा घन करून तिनं आठ लिहिले आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिली.

"सर, मंग रांजणाचं बी आसंच आसंल का?"

माझं डोकं फिरलं. राग स्वतःचा होता, निघाला तिच्यावर. "चुकलंय ते. पूस. दुपटीचं दुप्पटच होतं."

तिनं पुसलं. मला लाज वाटली, पण लाजेनं कुणाचा रांजण भरत नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दिवस गेले. तिला खरं सांगायचं तर गावालाही सांगावं लागलं असतं.

मार्चमध्ये गणिताचा पेपर सुटल्यावर जाफराबादच्या स्टँडवर ती धावत आली. "सर, तुमचाच प्रश्न आल्ता! त्रिज्या दुप्पट केली तर..."

"आठ लिहिलंस ना?"

"आधी आठच आल्तं. मंग तुमचं आठवलं. खोडून दोन लिहिलं. बराबर ना?"

"न्हाई, बेबी. आठच बरोबर. मी खोटं बोललो."

ती रडली नाही. प्रश्नपत्रिकेची घडी घालत हळूच म्हणाली, "मंग आमचं पाणी बी, सर?"

"तेही."

एसटीतून उतरलो तो तडक रामरावांच्या ओट्यावर गेलो आणि चार माणसांसमोर सगळं कबूल केलं. लोकांनी शिव्या घातल्या, कमीच घातल्या. दुसऱ्या दिवसापासून माणशी घागर मोजून पाणी मिळू लागलं. उत्तरपत्रिका मात्र तोवर औरंगाबादला बोर्डाकडे निघून गेल्या होत्या.