पूर्वेचा जिना

शिक्षण संस्थेचे सचिव अनंतराव यांनी नव्या शाळेच्या नकाशातल्या पूर्वेच्या जिन्यावर लाल पेनाने फुली मारली आणि पेनाला टोपण लावलं.

"हा फक्त मंजुरीपुरता. इमारत वापरायचं भोगवटा पत्र हातात पडलं की बुजवायचा. मजल्यागणिक एक वर्ग निघतो. काय मैनुद्दीनभाई?"

ठेकेदार मैनुद्दीनभाईंनी चहाचा कप उचलला.

"आणि नऊशे मुलं एका जिन्याने उतरवायची?" आर्किटेक्ट श्यामलाने विचारलं.

"अहो ताई, आग काय रोज लागते?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सकाळीच ती याच संस्थेच्या सदाशिव पेठेतल्या शाळेत जाऊन आली होती. बारा वर्षांपूर्वी त्या इमारतीचा नकाशा तिनेच काढला होता आणि नियमाप्रमाणे दोन जिने दिले होते. आज त्यातल्या एकाच्या दाराला कुलूप होतं. गजांतून पाहिलं तर आत मोडकी बाकं छतापर्यंत रचलेली. किल्ली कुणाकडे, ते शिपायालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे बारा वर्षं तिची सही खोटं बोलत होती, आणि तिला पत्ता नव्हता! कोथरूडचं हे काम सोडायचं, असं तिने परतताना रिक्षात ठरवलंही होतं. पण तिने सोडलं तर दुसरा कुणीतरी हसत हसत करून देणार, आणि सचिवसाहेब त्याला श्रीफळ देऊन गौरवणार.

"दोन दिवस द्या," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने नवा नकाशा दोघांसमोर टेबलावर पसरला.

"साहेब, दुसऱ्या मजल्यावर आपल्यासाठी केबिन काढलीय. खिडकीतून थेट टेकडी दिसेल."

"अरे वा! आधी नव्हती ही."

"राहून गेली होती."

अनंतरावांनी केबिनची लांबी-रुंदी दोनदा वाचली. बाकी कशाकडे न बघता पानापानावर सह्या केल्या.

"आणि जिन्याचं लक्षात आहे ना?"

"चांगलंच आहे."

ते खुशीत निघून गेले. मैनुद्दीनभाईंनी चष्मा लावला आणि नकाशावर बोट फिरवत केबिनपाशी थांबले.

"ताई, केबिनचं दार पूर्वेच्या जिन्यावर उघडतंय."

"हो."

"दुसरं दार?"

"नाही."

"मग जिना बुजवल्यावर साहेब आत जाणार कुठून?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

मैनुद्दीनभाईंनी मान हलवली. "व्हरांड्याच्या भिंतीत दार फोडतील. एका दिवसाचं काम आहे."

"ती भिंत विटांची नाही, भार पेलणारी काँक्रीटची आहे."

त्यांनी पुन्हा वाकून ती भिंत पाहिली. मग चष्मा काढून सावकाश खिशात ठेवला.

"आमची लेक मंतशा सदाशिव पेठेच्या शाळेत आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर."

मैनुद्दीनभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीच्या रेघेपाशी बारीक खूण केली.

"सळई जरा दाट टाकतो."