एसीत टिकणारं ऑर्किड

त्र्याण्णव साली डॉक्टर रघुनाथ दळवींनी नौपाड्यात दातांचा दवाखाना थाटला. वय तिशीचं, लग्न व्हायचं होतं, आणि दवाखान्यात चक्क एसी! त्या गार, कोरड्या हवेत त्यांना ऑर्किड हवं होतं. काम आलं वर्तकनगरच्या नीलाकडे. तिची घरच्या अंगणात छोटी नर्सरी होती आणि ऑर्किडची तर तिला नस न् नस ठाऊक. पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, की जाड खोडाचं डेंड्रोबियम घ्या, ते पोटात पाणी साठवतं, गारवाही सोसतं.

पण मेले डॉक्टर नेमके हसले! गालाला खळी पडली आणि नीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "व्हँडा घ्या."

व्हँडा म्हणजे उघड्या मुळांची, दमट हवेवर जगणारी नाजूक बया. दहा-पंधरा दिवसांत तिने मान टाकली. नीला धावत गेली, हळहळली, तिला घरी आणून दुसरी देऊन आली. मग तिसरी. घरच्या अंगणात साऱ्या जणी पुन्हा टवटवीत, आणि नीला त्यांच्याहून टवटवीत. परतताना रिक्षात तिला आपलं आपणच हसू फुटायचं.

"अगं, लाज वाटते का?" आई एकदा म्हणाली. "त्या बिचाऱ्याला वाटतंय, आपल्याच हातून झाडं मरतात!"

हे मात्र नीलाला लागलं. गेल्या खेपेला डॉक्टरांचं तोंड खरंच एवढंसं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने डेंड्रोबियम नेऊन ठेवलं, "हे टिकेल" म्हणाली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. टिकेल कसलं, टिकणारच! आता कुठल्या निमित्ताने जायचं?

दिवाळी गेली, बोलावणं नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी फाटक वाजलं. बघते तर डॉक्टर, हातात कुंडी, आणि डेंड्रोबियमला ही भरगच्च कळ्यांची दांडी! डॉक्टर अंगणात आले आणि थबकले. त्यांच्या सगळ्या 'गेलेल्या' व्हँडा ओळीने टांगलेल्या होत्या, दोन तर फुललेल्या.

नीलाला वाटलं, संपलं सगळं! एवढी लबाडी कोण माफ करील?

डॉक्टरांनी एकेक व्हँडा निरखली. मग त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कुंडी पुढे केली.

"हे मरतच नाहीये हो," ते म्हणाले. "मरणारं काहीतरी द्या ना. लवकर मरणारं."