धुराचा दोष

"हनुवटी टेकव. आता समोर बघ," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि यंत्राचा निळा उजेड त्यांनी शिवकन्येच्या डाव्या डोळ्यावर धरला.

आशाबाई लेकीच्या मागे उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. धावड्याहून पहाटेच्या एसटीनं मायलेकी जालन्याला आल्या होत्या. लेसरनं शिवकन्येचा चष्मा गेला, उजवा डोळा छान निवळला. डाव्यात मात्र सूज आली. थेंबांनी ती उतरली खरी, पण नजरेवर धुकं ठेवून गेली.

"एवढं धूसर आता राहीलच," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "सुरुवातीला डोळ्यात काही गेलं होतं का? धूळ, धूर?"

"न्हाई मॅडम," शिवकन्या पटकन म्हणाली. आईकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

ते पटकन म्हणणंच आशाबाईच्या काळजाला लागलं. ऑपरेशननंतर एक रात्र जालन्यात काढून घरी परतल्या त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका लोटल्या होत्या, बिनचष्म्याची शिवकन्या कशी दिसते ते बघायला. जी ती म्हणे, पोरगी ओळखूच येईना. त्या गेल्यावर आशाबाईनं लेकीवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या जळाल्या, पण ठसका काही उठेना. ठसका नाही म्हणजे नजर जबर, हे कुठल्या आईला सांगावं लागतं? तिनं आणखी मूठभर टाकल्या. मग असा ठसका उठला की शेजारचं म्हातारं खोकत रस्त्यावर आलं. सकाळी पोरीचा डावा डोळा लालभडक झाला होता.

चष्मा काढायचं खूळही मुळात आशाबाईचंच. शिवकन्या ब्लाउज शिवायची, आणि बारीक काज करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. "मला चष्म्यातून बराबर दिसतंय की. कशाला डोळ्याला हात लावायचा?" असं ती म्हणत राहिली. पण चष्म्यावरून दोन स्थळं परत गेली आणि आशाबाईनं तिचं डोकं खाल्लं. शेवटी पोरगी कंटाळून हो म्हणाली.

बाहेर आल्यावर आशाबाईनं तिला बाकावर बसवलं.

"गॉगल आतच राह्यला. आलेच मी."

आत जाऊन ती टेबलापुढे उभी राहिली.

"मॅडम, पोरगी खोटं बोलली. मी धूर केल्ता. मिरच्यांचा. लई केल्ता."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा मावशी. कधी?"

"हितून घरी गेलो, त्याच सांजेला."

"मग तुमचा काही दोष नाही. त्या दिवशी घरी सोडायच्या आधी, सकाळी, मीच तपासलं होतं ना? सूज तेव्हाच सुरू झाली होती, म्हणून तर थेंब वाढवून दिले. धुरानं डोळे चुरचुरले असतील, पण हे धूसर त्याचं नाही."

"मंग कशाचं?"

"ऑपरेशननंतर एखाद्याला होतं असं. यात चूक कुणाची नसते."

आशाबाई जागची हलली नाही. छातीवरचं ओझं कुणी उतरवलं तर माणसाला हलकं वाटायला हवं. तिच्या तर पायाखालची जमीनच सरकली. मूठभर मिरच्यांचं पाप तिला कसंबसं पेलत होतं; ऑपरेशनच्या हट्टाचं कसं पेलणार?

"धुरानं बिलकुल होत न्हाई का, मॅडम? थोडं तरी?"

"नाही हो मावशी. मनातून काढून टाका."

बाहेर शिवकन्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून समोरची पाटी वाचायला बघत होती. आई दिसताच तिनं हात खाली घेतला.

"गॉगल तर माझ्या पिशवीत हाय. काय सांगितलंस मॅडमला?"

"धुराचं सांगितलं."

"मंग?"

आशाबाईनं नजर समोरच्या पाटीकडे वळवली.

"धुरानंच झालं म्हणल्या."

शिवकन्येनं आईचा हात ओढून तिला शेजारी बसवलं.

"जाऊ दे, माय. तू काय मुद्दाम केल्तंस का? मी न्हाई मनात ठेवलं."

आशाबाईनं मान डोलावली. याहून मोठी माफी मागायची तिची छाती झाली नाही. आतून पुढच्या पेशंटला हाक आली, तरी ती लेकीचा हात धरून तशीच बसून राहिली.