माझ्या रसाची चव

मी एक जुना नीलगिरी वृक्ष आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच नाक चोळू नका! तुमच्या सर्दीच्या तेलाचा तो नीलगिरी माझा लांबचा भाऊबंद. मी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाच्या डोंगरमाथ्यावरचा, बर्फात वाढलेला. माझ्या अंगात गोड रस आहे. सालीला खाच पाडली की तो झिरपतो, बुंध्याशी खळग्यात साठतो आणि चार-सहा दिवसांत आपोआप फसफसतो.

पण खरं सांगू? तो लागतो कसा, हे मलाच ठाऊक नव्हतं. पोपट पिऊन कलकलाट करायचे, मुंग्या तिथून हलायच्या नाहीत. आपल्याच अंगातली चव आपल्याला कळू नये, हे मला फार खुपायचं.

पूर्वी या बेटावरचे मूळचे पलावा लोक उन्हाळ्यात रस प्यायला यायचे. वीतभर खाच, खाली खळगा, खळग्यावर चपटा दगड. मग बाहेरून मेंढरंवाले आले आणि त्यांनी या लोकांना हुसकून लावलं. शंभरावर उन्हाळे माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दोन पलावा बहिणी आल्या. सत्तरीची व्हर्ना आणि धाकटी मर्ल.

"याचा रस प्यायल्याशिवाय मी मरायची नाही," व्हर्ना म्हणाली.

"मग पिऊच नकोस, ताई. चांगली शंभर वर्षं जगशील."

त्यांनी खाच पाडली, दगड ठेवला. पाचव्या दिवशी मर्लनं दगड उचलून पाहिलं आणि परत ठेवायला विसरली. झालं! पॉसम नावाच्या, झाडावर राहणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्यानं रातोरात खळगा चाटून पुसून साफ केला.

"जरा डोकावले गं!"

"डोकावलीस आणि सगळं घालवलंस!"

मर्लनं दुसऱ्या खाचेसाठी पटाशी उचलली. व्हर्नानं तिचा हात धरला. "एका झाडाला उन्हाळ्यात एकच खाच. आईनं बजावलंय."

त्या वर्षी पाऊस रुसला. उरलेली पालवी पॉसमांनी खाल्ली. माझ्या निम्म्या फांद्या वाळल्या. पुढच्या उन्हाळ्यात व्हर्नासाठी घोटभर तरी रस निघेल का, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला. बहिणींनी माझ्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळला, पॉसम घसरून पडावेत म्हणून. दर आठवड्याला त्या गाडीतून पाण्याचे डबे आणायच्या. व्हर्नाचे गुडघे दुखायचे, तरी आणायच्या.

यंदा खाच पाडली. थेंब थेंब रस आला. "या खेपेला दगडावर मीच बसते," म्हणत मर्लनं खरंच ठाण मांडलं.

सहाव्या दिवशी व्हर्नानं शिंपल्यानं घोट घेतला. तोंड वाकडं!

"आंबट! आई तर म्हणायची मधासारखं गोड."

"आई कुठं प्यायली होती, ताई? तिला तिच्या आईनं सांगितलेलं. तिला तिच्या."

 व्हर्नाचे डोळे भरून आले. मग तिनं दुसरा घोट सावकाश जिभेवर घोळवला. "सफरचंदासारखं आंबट. शेवटी जरासं गोड. आता पोरांना खरं सांगता येईल गं."

तिनं शिंपला मर्लला दिला आणि मर्लनं घोट घेतल्यावर तळाशी उरलेलं माझ्या मुळांशी ओतलं. "तुझंच आहे बाबा, घे."

मित्रांनो, मुळांना चव कळत नाही, फक्त ओल कळते. पण व्हर्नामुळे आता मला ठाऊक आहे: आंबट, शेवटी जरासं गोड. तुम्हीही या चाखायला. खाच मात्र एकच पाडा, आणि येताना पाण्याचा एक डबा आणा.