खाडीवरचा कावळा

समिधाने गेममध्ये कावळा घातलाय, हे पंढरीनाथला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "पप्पा, यात गोळीबार नाही हां. चित्र बघायचं, खालचं वाचायचं. मध्ये मध्ये विचारेल, आता काय करायचं? तुम्ही निवडाल तशी गोष्ट पुढे जाते. शेवट वेगवेगळे आहेत."

"म्हणजे परीक्षाच की. नापास झालो तर?"

"तर परत पहिल्यापासून. फी पण नाही."

चित्रं तिच्या मित्राने, जितेशने काढली होती, लिखाण तिचं. त्याच्याकडेच थोडं काम होतं म्हणून ती सिल्व्हर पार्कला गेली. नवघरच्या दोन खोल्यांत पंढरीनाथ एकटा उरला. त्याची बायको गिरिजा गेल्यापासून त्याला दुपार खायला उठायची. त्याने चष्मा लावला आणि गेम सुरू केला.

पहिलंच चित्र बघून तो स्क्रीनजवळ वाकला. घोडबंदरची खाडी. चिखल, तिवरं, पत्रावळीवर पिंड. काठावर उघड्या अंगाचा एक माणूस हात जोडून पाठमोरा उभा. समोर फांदीवर कावळा.

गिरिजाच्या दहाव्याला हे असंच झालं होतं. कावळे होते, पण एकही पिंडाला शिवेना. भटजी म्हणाले, "बाईंची काहीतरी इच्छा राहिलीय. काय ते कबूल करा." पंढरीनाथने सुचेल ते कबूल केलं. कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. बाकीचे विसरले. तो मात्र रोज तेच घोकत बसायचा. तिचं काय राहिलं?

चित्राखाली अक्षरं आली. 'काय कबूल कराल?' निवडायला दोन ओळी होत्या.

'मुलीचं लग्न लावून देईन.' हे तो तिथे मोठ्याने बोलला होता. त्याने ते दाबलं. कावळ्याने मान फिरवली. मग मांडव आला, अक्षता आल्या, आणि रिकाम्या घरात तो पाठमोरा माणूस. शेवट.

परत पहिल्यापासून. 'गावच्या घराचं छप्पर नवीन घालीन.' हेही तो बोलला होता. नवी कौलं आली, दाराला कुलूप आलं. शेवट.

तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा खाली आणखी एक ओळ उगवली.

'मलाही घेऊन चल.'

चटका बसावा तसा त्याने माऊसवरचा हात काढला. हेही तो बोलला होता. पण अगदी पुटपुटत, सगळ्यात शेवटी. शेजारच्या भटजींनाही ऐकू गेलं नव्हतं. ऐकलं असेल तर एका गिरिजानेच.

चित्रातला कावळा आता खालच्या फांदीवर होता. मघाशी तो वरच होता ना? मागे कोणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं, पण वळून बघायचा धीर होईना. हे दाबलं आणि कावळा उतरला तर? तर तिची इच्छा हीच. मग आपण काय करायचं? त्याला जायचं नव्हतं. हे कळल्यावर तो जास्तच घाबरला.

"गिरिजा," तो हळूच म्हणाला, "तू सांग गं काय ते."

दाराचं कुलूप खटकलं आणि तो दचकून उभाच राहिला. समिधा होती. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"दाबलंत ते?"

"तुला कसं कळलं हे? आईने... स्वप्नात वगैरे..."

"काय पप्पा! तुमच्या मागेच होते मी, तांब्या घेऊन. ऐकलं सगळं." चप्पल अजून तिच्या पायातच होती. "तेव्हापासून तुम्ही बाथरूमची कडी लावलीत तरी बाहेर उभी राहते. तोंडाने विचारायची हिंमत नव्हती. म्हणून यात टाकलं."

"आणि दाबलं तर काय होतं?"

"काही नाही. पुढचं लिहिलंच नाही मी. नाही जमलं."

पंढरीनाथ परत खुर्चीत बसला.

"काढून टाक ती ओळ," तो म्हणाला.

"मी नाही. तुम्ही काढा." तिने लिखाणाचं पान उघडलं आणि पुसायची कळ दाखवली.

पंढरीनाथने बोट ठेवलं. हे पुसलं की गिरिजाला नाही म्हटल्यासारखं होणार, आणि ते तिला समोर कधीच जमलं नव्हतं. तरी त्याने दाबलं. 'चल' गेलं. 'घेऊन' गेलं. 'मलाही' तेवढं राहिलं, तिथे बोट अडलं. समिधा श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. दहाव्याला ते तसंच असणार, त्याने तेव्हा वळून पाहिलं नव्हतं एवढंच.

त्याने तेही पुसलं.

"आता इथे काय लिहायचं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसली.