शुद्ध काळी

मी चिचगडची काळी मेंढी बोलतेय. कोकरू समजून हसू नका. आमची जातच गुडघ्याएवढी. लोकर मात्र अशी दाट, की तिच्या घोंगडीतून पाऊस आत येत नाही. पूर्वी ती घोंगडी घरोघर असायची. आता लोक ब्लँकेट पांघरतात आणि आम्ही दुर्मीळ झालो.

दुर्मीळ होणं फार वाईट. साधी मेंढी एकदाच मरते.

माझे मालक परसराम. तोंड धुण्याआधी आमच्या पाठीवरून हात फिरवणारा माणूस. पण शहरातल्या एका साहेबांनी सांगितलं, ही जात फक्त तुमच्याकडेच उरलीय, आणि मालकांची मान ताठ झाली. तेव्हापासून एक पांढरा केस दिसला, की ते पिल्लू खाटकाकडे. "जात बाटली नाई पायजे," हा त्यांचा मंत्र. मंत्र त्यांचा, पोटं आमची.

कळपात नर उरला एकच, तोही माझ्याच पोटचा. मालकांनी त्याच्याशीच माझी जोडी लावली. एक कोकरू आंधळं जन्मलं, दुसऱ्याला उभंच राहता येईना. मालकांनी आमची दृष्ट काढली! शेजारच्या धनीरामनं सांगून पाहिलं, "काका, बाहेरचा मेंढा लावा ना. काऊन जिवाचे हाल करून राहिले?" मालकांनी त्याचं अंगणात येणंच बंद केलं.

पण रानात चरताना कुठलं अंगण? तिथं धनीरामचा दांडगा मेंढा मला भेटला. पुढे मला पोर झालं, ते जन्मताच उभं राहिलं. ढुशा देत असं दूध प्यायचं, की माझे मागचे पाय हलायचे. इतकी सुखी मी कधीच नव्हते. फक्त त्याच्या छातीवर एक पांढरा ठिपका होता.

तो आधी दिसला मालकीणबाईंना, तुलसाबाईंना. त्यांनी तव्याची काजळी तेलात कालवली आणि ठिपक्यावर चोळली. मग रोजच चोळू लागल्या. "चूप राह्य बापू. कोनाले दिसू नको," म्हणायच्या.

एके दिवशी साहेब पाहुणे घेऊन आमची जात बघायला येणार असं ठरलं. मालकांनी कौतुकानं माझ्या पोराला साबण लावून आंघोळ घातली. पाणी काळं झालं आणि छाती पांढरी.

"तुले मालूम होतं?" मालकांनी विचारलं.

"लेकरू धडधाकट आहे जी. राहू द्या."

"पाहुण्यायसाठी काय रांधू, इचारत होती ना तू? हेच रांध."

तुलसाबाईंनी डोळे पुसले आणि मसाला वाटायला घेतला. रडणं आणि वाटणं एकाच पाट्यावर झालं.

पाहुण्यांनी हाडं चोखली. "असं कोवळं मटण उभ्या जन्मात खाल्लं नाही," म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली, फोटो काढले. त्यांच्या बोटांना माझ्या पोराचा वास येत होता. मी ती बोटं चाटली. मालकांना वाटलं, मी लाडात आलेय. सगळे हसले.

आता मला पुन्हा माझ्या त्या थोरल्या मुलासोबत कोंडलंय. जात वाचवायची आहे ना! बाबांनो, जात नका वाचवू. पोर होईल, तेवढं वाचवा.