सुंदरबाईचे दात

साक्रीच्या आठवडे बाजारात अभिमन आबाच्या दुकानाला पाटी नव्हती. तिची गरजच नव्हती. जाजमावर काढ्याच्या बाटल्या मांडल्या, की शेजारी त्याची बायको सुंदरबाई बसायची. गिऱ्हाईक घुटमळलं की आबा म्हणायचा, "दखाड वं." मग ती पदर सावरून, लाजत लाजत सगळे दात दाखवायची. पन्नाशी उलटलेल्या बाईचे बत्तीसच्या बत्तीस दात, कणसातल्या दाण्यांसारखे घट्ट. बघणारा आपल्या हिरड्या चाचपत बाटली घेऊन जायचा.

काढा खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाभळीची साल, वाळवलेली डाळिंबाची सालं आणि कडुनिंबाचा पाला पाणी अर्धं होईपर्यंत उकळायचा, गाळायचा, वर तुरटी टाकायची. हिरडीचं रक्त थांबायचं, हलणारा दात धरायचा. आबाच्या बापाने हेच केलं, आबानेही तेच. फक्त तोंडात दात आणि हिरड्यांपलीकडे आणखी काही असतं, हे आबाच्या गावीही नव्हतं.

सुंदरबाई मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा. तिकडच्या कितीतरी बाया लावायच्या. आबाचं म्हणणं असं, की वरून काढ्याची चूळ भरली की मिसरी धुऊन निघते. बाजारातही तो हे छातीठोकपणे सांगायचा, आणि मिसरीवाल्या बाया खूश होऊन त्याच्याकडेच यायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर सुंदरबाईच्या गालाला आतून फोड आला. आबाने कापसाचा बोळा काढ्यात बुडवून लावला. रक्त थांबलं, फोड पांढरट पडला. "भरी ऱ्हायना," आबा म्हणाला. कसला भरतोय! तुरट औषधाने तो नुसता वरून आवळत होता. होळी आली, तिला तिखट सोसेना. तिचा भाऊ झुलाल म्हणाला, धुळ्याला दाखवा. सुंदरबाईनेच मान हलवली.

"मी डाक्टरकडे गयी तं बजारमा लोके काय म्हनतीन? दातवालानीच बायको..."

हे ऐकून आबाला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला पुढे फार लाज वाटली, पण त्या दिवशी वाटलं खरं. तो रोज दोनदा बोळा लावत राहिला.

पावसाळा सरता सरता तिचं तोंड दोन बोटंही उघडेना, तेव्हा कुठे दोघं एस्टीत बसले. धुळ्याच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, गळ्याच्या गाठी चाचपल्या आणि आबाला बाहेर नेलं. कॅन्सर आहे, म्हणाले. सुरुवातीलाच आणलं असतं तर काही करता आलं असतं, आता नाही. मग कागदावर लिहिता लिहिता पुटपुटले, "दात मात्र उत्तम आहेत हो."

परतीच्या एस्टीत सुंदरबाईने एकच गोष्ट मागितली. "बजारमा सांगू नका." आबाने तिचा हात दाबून कबूल केलं. पुढच्या बाजारापासून कुणी अक्का कुठे म्हणून विचारलं, की तो सांगायचा, "माहेर गयी शे."

तिसऱ्या बाजाराला धुरपदाबाई आली, डोंगराकडच्या गावची जुनी गिऱ्हाईक. बाटली उचलत म्हणाली, "आबा, मना गालमा फोड व्हयेल शे. दोन महिना व्हयनात, दुखत बी नही." आणि तिने गाल ओढून दाखवला. तोच पांढरट फोड, तीच जागा.

आबाने बाटलीवर हात ठेवला. "बाटली ठेव, बाई. धुळाले जा. आजच जा."

"तुम्हीच सांगेल ना, काढा लिधा का मिसरी धवाई जास?"

"मी चुकनू वं. मनी बाईले बी हाऊच फोड शे. ती मरी ऱ्हायनी." सुंदरबाईला दिलेला शब्द मोडून आबा हे बोलला.

धुरपदाबाई खो खो हसली. "काय आबा! मांगला बजारले तुम्हीच सांगं, अक्का माहेर गयी शे. आते मरी ऱ्हायनी म्हनतस? अक्काना दात मी सोता दखेल शेत." बाटल्या थोड्या असतील, दुसऱ्या कुणासाठी राखल्या असतील, म्हणून आबा टाळतोय, असं ती धरून चालली. जाजमावर पैसे टाकून, बाटली पिशवीत घालून ती गर्दीत शिरली. आबा उठून "ओ बाई, ओ बाई" करत धावला. मिरचीवाल्यांच्या रांगेपर्यंत गेला. ती कुठेच दिसेना.

घरी सुंदरबाई ओट्यावर वाट पाहत बसली होती. "कितल्या खपन्यात?" तिने दातांच्या फटीतून विचारलं.

"एकच. धुरपदाबाई लई गयी." यापुढे सांगायचा धीर त्याला झाला नाही.

सुंदरबाईचा चेहरा खुलला. आपल्या आजाराने धन्याचं नाव गेलं नाही, म्हणजे झालं. "माले बी लावा ना," ती म्हणाली, "तुमना काढाना बरं वाटस."

आबाने बोळा काढ्यात बुडवला आणि तिच्या ओठांशी नेला. तिने जीव खाऊन तोंड उघडायचा प्रयत्न केला. बोळा आत जाईना. वरचे खालचे सगळे दात जागच्या जागी होते, एकही पडलेला नव्हता.